गॅलरी

लालबागच्या चाळीत वाढलेल्या माणसाला ‘गॅलरी’ म्हटलं की एकच गोष्ट डोळ्यांसमोर येते. लाकडी कठडा, त्यावर वाळत घातलेले कपडे, एका टोकाला नळ आणि संडास, दुसऱ्या टोकाला जिना आणि मधे ओळीने अकरा दारं. आमची खोली नववी. घर म्हणजे रात्री पाठ टेकायची जागा, बाकीचं सगळं जगणं गॅलरीत. तांदूळ तिथेच निवडायचे, भांडायचं तिथेच, दहावीचा अभ्यासही तिथल्याच चाळीसच्या दिव्याखाली. माझे काका डबलबारीचे, म्हणजे भजनाच्या सामन्यांचे, बुवा. गणपतीच्या आधी महिनाभर त्यांची पेटी आणि मृदंग गॅलरीत मांडलेले असायचे आणि गिरणीतल्या खडखडाटाने ज्यांचे कान अर्धे गेले होते असे बाप्ये रात्री अकरापर्यंत कोरस ओढायचे. ज्याला ऐकायचं नसेल त्यालाही ऐकावं लागे. तिकीट नाही, निमंत्रण नाही, ‘उपस्थित राहून शोभा वाढवावी’ ही भानगडही नाही.

चित्रं लावतात ती गॅलरी वेगळी, हे कॉलेजात गेल्यावर कळलं. एका मैत्रिणीबरोबर आत गेले तर इतकी शांतता की माझ्याच चपलेचा आवाज मला मोठा वाटायला लागला. पाच मिनिटांत बाहेर. कुणी हटकलं नव्हतं. मलाच वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच्या देवघरात शिरलो.

पुढे बरीच वर्षं या शब्दाशी माझा काही संबंध आला नाही. आला तो ह्यूस्टनमध्ये, आणि तोही एका म्हातारीमुळे.

आम्ही २००३ साली इथे आलो. नवऱ्याची नोकरी तेलाच्या धंद्यातली, घर शुगरलँडला, मुलगी अडीच-तीन वर्षांची. नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला जुनी कुटुंबं जेवायला बोलावतात आणि जेवण झाल्यावर बडीशेपेबरोबर चार सूचना देतात. वादळाचा इशारा आला की आधी पेट्रोल भरून ठेवा. भाजी अमक्या दुकानातून घ्या. आणि थर्ड वॉर्डात जाऊ नका. ही शेवटची सूचना कारण न सांगता, आवाज जरा खाली आणून दिली जाते. ‘वॉर्ड’ म्हटल्यावर मला आपला महापालिकेचा एफ साउथ आठवला होता. अर्थ फार काही वेगळा नव्हता म्हणा, ह्यूस्टनचेही हे जुने प्रभागच. पण तिसऱ्या प्रभागात कोण राहतं ते न सांगताच सगळ्यांना कळलं होतं.

त्या लोकांना काय म्हणायचं, हाही आमच्या घरात प्रश्नच होता. ‘कृष्णवर्णीय’ हा वर्तमानपत्रातला शब्द. आजतागायत कुणाला जेवणाच्या ताटावर तो उच्चारताना मी ऐकलेलं नाही. ताटावर ‘काळे’ म्हणतात, आणि तो शब्द आपण ज्या सुरात म्हणतो तो सूर कुठून आला हे आपल्यालाच ठाऊक. स्थळाच्या जाहिरातीत ‘गोरी’ लिहिणारे आपण. माझी मुलगी नववीत असताना एकदा वैतागून म्हणाली, ‘‘आई, तू बोलतेस ना तेव्हा तो शब्द शिवीसारखा वाटतो. काळे आजोबांना हाक मारताना नाही वाटत.’’ काळे आजोबा म्हणजे माझ्या माहेरचे शेजारी, त्यांचं आडनाव काळे. मी गप्प बसले. इथे मी ‘काळे’ असंच लिहिणार आहे, त्या आजोबांच्या सुरात.

तर २०१५ साली मुलीला शाळेकडून समाजसेवेचे काही तास भरायचे होते. तिने निवडली ‘प्रोजेक्ट रो हाउसेस’ ही कलाकारांनी काढलेली संस्था, होलमन स्ट्रीट, थर्ड वॉर्ड. गाडी चालवायचं तिचं वय झालं नव्हतं, म्हणून दर शनिवारी मी तिला सोडायची. आणि परत जाऊन येण्यात दीड तास मोडण्यापेक्षा तिथेच थांबायची. आधी गाडीत, काचा वर करून. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं.

गाडीतून दिसायचं ते असं: पांढऱ्या रंगाची लहान लाकडी घरं, एकासारखं एक, ओळीने. प्रत्येकाला तिकोनी छप्पर, पुढे दोन-चार पायऱ्या आणि खांबांवर पेललेली ओटी. रुंदीला एकच खोली. एका खोलीच्या मागे दुसरी, तिच्या मागे तिसरी, आणि सगळी दारं एका रेषेत. पुढचं दार उघडलं की मागचं अंगण दिसतं. पुढच्या दारातून बंदूक झाडली तर छर्रे कशालाही न लागता मागच्या दारातून निघून जातील, म्हणून याला ‘शॉटगन हाउस’ म्हणतात, अशी तिकडची दंतकथा. जॉन मायकल व्लाक नावाच्या अभ्यासकाने १९७०च्या दशकात या घरांचा माग काढत काढत हैती आणि तिथून पश्चिम आफ्रिका गाठली. म्हणजे गुलाम करून आणलेल्या माणसांनी अंगावरच्या कपड्यानिशी येताना घराचा नकाशा तेवढा डोक्यात आणला होता. मला मात्र आमचं कुडाळकडचं घर आठवलं. तिथेही खळ्यात उभं राहिलं की ओटी, माजघर, न्हाणीघर ओलांडून मागची केळ दिसायची.

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी काचेवर टकटक झालं. ऐंशीच्या पुढची एक बाई, डोक्यावर पिवळी हॅट. ‘‘बेबी, उन्हात गाडीत काय बसलीस? शिजशील. वर गॅलरीत ये.’’

मला वाटलं, आतली चित्रं बघायला बोलावते आहे. मी उतरून सरळ एका घराच्या दाराकडे निघाले तर तिने हाताला धरून आपल्या ओटीवरच्या खुर्चीत बसवलं. ती मूळची लुइझियानाची. तिकडचे जुने लोक घराच्या ओटीला गॅलरीच म्हणतात. एवढी वर्षं अमेरिकेत काढून मला हे माहीत नव्हतं. तिने माझ्या हातात एक पुठ्ठ्याचा हातपंखा दिला, लाकडी दांडीचा, चर्चमध्ये मिळतो तसा. मागच्या बाजूला अंत्यविधी करणाऱ्या दुकानाची जाहिरात. वारा घेताना दर वेळी ती जाहिरात नाकासमोर यायची. आणि मी लालबाग सोडल्यानंतर पहिल्यांदा एका गॅलरीत नुसती बसले, रस्त्याकडे बघत.

पुढची दोन-अडीच वर्षं मी तिथे बसत होते. मुलीचे तास कधीच भरून झाले होते. जे काही कळलं ते त्या ओटीवर आणि आजूबाजूच्या घरांत कळलं, थोडं पुढे वाचलं.

या गोष्टीची सुरुवात जॉन बिगर्सपासून करावी लागते. हा चित्रकार १९२४ सालचा, नॉर्थ कॅरोलायनातल्या गॅस्टोनियाचा. बापाने स्वतः बांधलेल्या शॉटगन घरात जन्मलेला. १९४९ साली तो ह्यूस्टनला आला आणि थर्ड वॉर्डातल्या काळ्यांच्या विद्यापीठात, जे आज टेक्सस सदर्न म्हणून ओळखलं जातं, तिथे त्याने कला विभाग उभा केला. दुसऱ्याच वर्षी शहरातल्या ललित कला संग्रहालयाच्या स्पर्धेत त्याच्या एका रेखाटनाला पारितोषिक मिळालं. लेकरांना पोटाशी धरून बसलेल्या आईचं ते रेखाटन. पारितोषिक मिळालं, पण समारंभाला त्याला जाता आलं नाही. कारण काळ्या माणसांना संग्रहालयात फक्त गुरुवारी प्रवेश होता आणि समारंभ गुरुवारी नव्हता.

हे ऐकल्यावर मी त्या हातपंख्याने वारा घेणं थांबवलं होतं. चित्र आत, चित्रकार बाहेर. आपल्याकडे देवळाच्या पायऱ्या घडवणाऱ्या पाथरवटाला शेवटची पायरी चढू देत नसत, त्यातलाच प्रकार. फक्त इथे वार ठरवून दिला होता. (गुरुवार, दत्ताचा. आमच्या काकांच्या भजनाचाही.) पुढे संग्रहालयाने तो नियम मोडीत काढला, त्याला हे पारितोषिकही एक कारण झालं. बिगर्सने मात्र तोवर आपली दुसरीच सोय केली होती. त्याच्या विभागात शिकणाऱ्या प्रत्येकाने विद्यापीठाच्या इमारतीतल्या भिंतीवर एक भित्तिचित्र काढल्याशिवाय पदवी घेऊन जायचं नाही, असा दंडक. कॅनव्हास परवडत नाही? भिंत आहे ना. हॅना हॉल नावाच्या त्या प्रशासकीय इमारतीत फीच्या खिडकीकडे जाताना पोरं आजही आपल्या आधीच्या पोरांनी काढलेल्या चित्रांखालून जातात. १९५३ साली त्याने जवळच्या ब्लू ट्रँगल या बायकांच्या संस्थेत अमेरिका घडवणाऱ्या काळ्या बायकांचं भलंमोठं चित्र काढलं. २०१७च्या हार्वी वादळात तिथलं छप्पर गळलं आणि चित्रावर बुरशी चढली. ते पाणी आमच्याही गल्लीत कमरेएवढं होतं, पण आमच्या भिंतीवर विमा कंपनीला दाखवावं असं काही नव्हतं.

बिगर्सची शॉटगन घरांची चित्रं मी पुढे पाहिली. १९८७च्या एका चित्रात घरांच्या रांगा एकीमागे एक चढत गेल्यात, छपरांचे त्रिकोण असे जुळलेत की लांबून गोधडी वाटावी. प्रत्येक ओटीवर एक बाई उभी. तिच्या हातात, आपण तान्ह्याला धरतो तसं, एक इवलंसं घर. माझ्या आईकडे अशा चित्राबद्दल काय शब्द असता? ‘‘बाईच्या हातात घर नाय तर काय असणार?’’ असं काहीतरी ती म्हणाली असती, आणि पुढे तांदूळ निवडत राहिली असती.

आता रिक लो. हा अलाबामातल्या खेड्यातून आलेला तरुण चित्रकार. गरिबी, पोलिसांची मारझोड असले विषय घेऊन मोठमोठे फलक रंगवायचा. १९९०च्या सुमाराला शाळेतली काही मुलं त्याचा स्टुडिओ बघायला आली. त्यातला एक मुलगा त्याला म्हणाला की तुम्ही जे रंगवलंय ते खरं आहे, पण ते आम्हाला कशाला दाखवता, आम्ही त्यातच राहतो. तुम्ही एवढे कलाकार आहात तर त्यावर काही उपाय का नाही घडवत? लोच्या हातातला ब्रश त्या दिवसापासून जड झाला, असं त्याने पुढे बऱ्याच ठिकाणी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं आहे. मला त्या मुलाचं फार कौतुक वाटतं. चाळीवर कविता करणारे, चाळीचे कृष्णधवल फोटो काढणारे कितीतरी जण आमच्याकडे येऊन गेले, पण ‘बाबा रे, संडासाच्या दाराला कडी बसवून दे आणि मग फोटो काढ’ असं म्हणायचं आमच्यातल्या कुणाला सुचलं नाही.

त्याच सुमाराला पुढाऱ्यांना वस्तीतल्या धोकादायक जागा दाखवण्यासाठी एक बस फिरवली गेली. लो त्या बसमध्ये होता. सगळ्यांत वाईट जागा म्हणून जिच्याकडे बोट केलं गेलं ती म्हणजे होलमन स्ट्रीटवरची बावीस पडीक शॉटगन घरं. धंदा करणारे, नशा करणारे यांचा अड्डा. ‘धोकादायक इमारत’ हा शब्द गिरणगावातल्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पावसाळ्यापूर्वी पाटी लागते, आणि ती पाटी बिल्डरच्या डोळ्यांना ‘प्लॉट विकणे आहे’ अशी दिसते. लोला मात्र तिथे बिगर्सचं चित्र दिसलं. बावीस ओट्या, फक्त बायका तेवढ्या नाहीत.

१९९३ साली सात काळ्या कलाकारांनी मिळून हे काम हाती घेतलं: जेम्स बेटिसन, बर्ट लाँग, जेसी लॉट, रिक लो, फ्लॉइड न्यूसम, बर्ट सॅम्पल्स आणि जॉर्ज स्मिथ. सातही नावं मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे मॅकआर्थर फेलोशिप एकट्या लोला मिळाली (२०१४) आणि वर्तमानपत्रांना एकच नाव सोयीचं पडतं. आधी वर्षभर कचराच उपसला. शनिवार-रविवारी चर्चची माणसं, विद्यार्थी, शेजारी यायचे. मग छपरं, मग रंग. १९९४ साली पहिलं प्रदर्शन लागलं. यांच्या भाषेत ‘राउंड’. काही घरं कलेसाठी. प्रत्येक कलाकाराला एक अख्खं घर, आत काय हवं ते करा. वर्षातून साधारण दोन राउंड. मी एका राउंडमध्ये एका घरात गेले तर आत काहीच नव्हतं, नुसते आवाज. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या आठवणी, वेगवेगळ्या खोल्यांतून एकाच वेळी. पहिल्या खोलीत कुणी आईच्या हातच्या मक्याच्या भाकरीबद्दल बोलतंय, मागच्या खोलीत कुणी महामार्गाखाली गेलेल्या आपल्या गल्लीबद्दल, आणि पुढच्या दारातून मागच्या दारापर्यंत वारा. पिवळ्या हॅटवाली माझ्या शेजारी उभी होती. म्हणाली, ‘‘तो मागे बोलतोय ना, खोटारडा आहे. त्यांची गल्ली आमच्या एवढी मोठी नव्हती.’’ आणि ऐकणाऱ्या चार-पाच जणांत तिथेच वाद सुरू झाला. शांतता राखा, असं म्हणायला कुणी आलं नाही.

मला विचाराल तर या जागेची खरी हुशारी मात्र मागच्या बाजूला आहे. पुढच्या रांगेत कला आणि मागच्या रांगेतल्या सात घरांत १९९६पासून एकट्या आया. वय कोवळं, पदरात मूल, शिक्षण अर्धवट. राहायला घर, मुलाला सांभाळायची सोय, आणि अट एकच की शिकायचं. मधलं अंगण सगळ्यांचं. चित्रं बघायला न्यूयॉर्कहून आलेला समीक्षक आणि शी झालेलं पोर धुवायला निघालेली आई एकाच अंगणात एकमेकांना आडवे जातात. या घरांत राहून गेलेल्या असाटा रिचर्ड्स पुढे समाजशास्त्रात डॉक्टर झाल्या आणि याच वस्तीत काम करायला परत आल्या. पण सगळ्याच काही डॉक्टर झाल्या नसतील, आणि होऊ नयेत अशी माझी उगाच एक इच्छा आहे. नुसतं दोन वर्षं छप्पर मिळालं, पोराला शाळेत घातलं, आणि निघून गेली, एवढंही पुष्कळ.

लो स्वतः वर्षानुवर्षं तिथे वस्तीतल्या म्हाताऱ्यांबरोबर डॉमिनो खेळत बसायचा. चाळीत कॅरम चालायचा तसा. कोण आजारी आहे, कुणाचं घर विकायला निघालंय, हे सगळं त्या टेबलावर कळतं. डाव रंगत गेला की सोंगट्यांची नागमोडी रेघ टेबलभर पसरते. पुढे बऱ्याच वर्षांनी तो परत चित्रं काढायला लागला तेव्हा कॅनव्हासवर उतरल्या त्या याच रेघा. ती चित्रं आज मोठमोठ्या दालनांत लागतात. त्या टेबलावर बसणाऱ्या एका गृहस्थांना मी विचारलं, चित्रं पाहिलीत का? ते म्हणाले, ‘‘पाहायची कशाला, त्यातले निम्मे डाव मी जिंकलेले आहेत.’’

होलमन स्ट्रीटपासून चालत थोडं पुढे गेलं की इमॅन्सिपेशन पार्क लागतं. गुलामी संपल्याची खबर टेक्ससला पोचायला १९ जून १८६५ उजाडला. गॅल्व्हेस्टनला, इथून तास-सव्वा तासावर. पुढे दरवर्षी त्या दिवशी जमायला जागा नाही म्हणून कालपरवापर्यंत गुलाम असलेल्या माणसांनी पै-पैसा गोळा करून १८७२ साली दहा एकर जमीन विकत घेतली. जॅक येट्स नावाचे धर्मोपदेशक पुढाकार घेणाऱ्यांत होते. पार्कच्या पाटीवर ते साल वाचताना माझ्या डोक्यात काहीतरी हललं, घरी येईपर्यंत सापडेना. मग रात्री आठवलं. १८७३, पुणे, जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’. जोतीरावांनी ते पुस्तक अर्पण केलंय ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. शाळेत ही ओळ पाठ केली होती, एका मार्काची. आणि जोतीराव पुण्यात ती अर्पणपत्रिका लिहीत होते त्या सुमाराला इथे ते मुक्त झालेले लोक डॉलर-डॉलर मोजून बागेसाठी जमीन विकत घेत होते. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. साडेचौदा हजार किलोमीटरचं अंतर. मी दुसऱ्या शनिवारी हे पिवळ्या हॅटवालीला सांगायचा प्रयत्न केला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘मग त्याच्या लोकांना जमीन मिळाली का?’’

आमच्या ह्यूस्टनच्या मराठी मंडळींत मी हे बोलून दाखवलं तेव्हा एक काका म्हणाले, आपला आणि त्यांचा काय संबंध? १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा तिने नाव कुणाचं घेतलं होतं, एवढंच मी विचारलं. पुढे आमटीच्या चवीवर विषय गेला.

आता माझीच एक चूक. २०२०च्या मे महिन्यात मिनियापोलिसला पोलिसांनी जॉर्ज फ्लॉइडचा जीव घेतला. तो वाढला होता याच थर्ड वॉर्डात, होलमन स्ट्रीटपासून फार लांब नाही, क्यूनी होम्स नावाच्या सरकारी घरांत. त्याचा चेहरा वस्तीतल्या भिंतींवर आठवड्याभरात उमटला. त्या उन्हाळ्यात देशातल्या झाडून सगळ्या कंपन्यांना समावेशकतेचा साक्षात्कार झाला. माझ्या तेव्हाच्या नोकरीतही एक समिती निघाली आणि ‘तू त्या भागात जातेस ना’ म्हणून माझी वर्णी लागली. २०२२च्या फेब्रुवारीत आम्ही कार्यक्रम ठरवला: एका काळ्या चित्रकाराला बोलवायचं, जेवणाच्या सुट्टीत त्याने लॉबीत सगळ्यांसमोर चित्र काढायचं. त्याला पत्र मी लिहिलं. त्यात लिहिलं की यातून आपल्याला चांगलं व्यासपीठ मिळेल. मानधनाचा उल्लेख नाही, कारण समितीला खर्चासाठी मिळालेले पैसे सँडविचमध्ये संपले होते.

त्याचं उत्तर दोन ओळींचं होतं. व्यासपीठाबद्दल आभार, घरी एक आहे, सुताराने करून दिलेलं. रंगांचे पैसे कोण देणार?

मी ते उत्तर आठवडाभर उघडून वाचत होते. माझ्या काकांना आयुष्यभर हेच ऐकवलं गेलं होतं. बुवा, तुमच्यासारख्या कलाकारांना आम्ही व्यासपीठ देतो. आणि बुवा रात्रपाळी बुडवून, पगार कापून घेऊन, स्वतःच्या खर्चाने दादरला जाऊन गायचे, नारळ आणि शाल घेऊन शेवटच्या गाडीने परत. त्या शाली आईने पुढे पोरांना पांघरायला घेतल्या. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी मी ते पत्र लिहिलं. पैशांची सोय शेवटी झाली, चित्रकार आला, चित्र छान झालं. पण लॉबीत लोक मोबाइलवर त्याचे फोटो काढत होते तेव्हा त्याच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. ती समिती पुढे कधी बंद झाली ते कुणाला कळलंसुद्धा नाही. टेक्ससने तर २०२३ साली कायदाच केला, आणि २०२४च्या जानेवारीपासून सरकारी विद्यापीठांतली अशी कार्यालयं बंद झाली. जे कुणीतरी दिलेलं असतं ते काढूनही घेता येतं. होलमन स्ट्रीटवरच्या माणसांनी सुरुवातच घरं ताब्यात घेण्यापासून का केली, हे मला त्या लॉबीत कळलं.

ताब्यात आहे म्हणून ते टिकेल, असंही नाही. बावीस घरांपासून निघालेला हा पसारा आज पाच ब्लॉक आणि एकोणचाळीस इमारतींपर्यंत गेलाय. पार्कसमोरच्या कोपऱ्यावरचा एल्डोराडो बॉलरूमही त्यांच्याकडे आहे. डुप्री नावाच्या काळ्या जोडप्याने १९३९ साली बांधलेला, वरच्या मजल्यावर नाचाचा हॉल. ज्या काळात बाकीच्या शहरात या लोकांना दारातून आत घेत नव्हते त्या काळात इथे कोट-टाय घालून, अत्तर लावून यायचं आणि पहाटेपर्यंत नाचायचं. तो १९७०च्या आसपास बंद पडला, आणि पुरती डागडुजी होऊन २०२३ साली परत उघडला. समोरच्या रस्त्याला शंभरहून जास्त वर्षं गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या एका अधिकाऱ्याचं, डाऊलिंगचं नाव होतं. २०१७ साली ते बदलून इमॅन्सिपेशन अॅव्हेन्यू झालं. पण याच सगळ्यामुळे वस्ती ‘चांगली’ झाली, आणि चांगली झाली म्हणून महाग झाली. शहराच्या मध्यापासून दोन-तीन मैल, त्यात ह्यूस्टनला जमिनीच्या वापराचं क्षेत्र ठरवून देणारा कायदा नाही. एक जुनं घर पाडायचं आणि त्या तुकड्यावर तीन मजल्यांची तीन-चार चिंचोळी घरं उभी करायची. लोच्या लोकांना हे लवकर कळलं. २००३ सालीच त्यांनी परवडणारी भाड्याची घरं बांधायला वेगळी संस्था काढली, त्याच शॉटगन पद्धतीची, दुमजली. पण टॉवरच्या पुरात होडी ती केवढी.

त्या नव्या घरांचं एक मला खटकतं. तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड करून गॅरेजचं दार असतं. गाडी आली की ते आपोआप वर जातं, गाडी आत जाते, दार खाली. माणूस कधी दिसतच नाही. ओटीच नाही. पिवळ्या हॅटवालीच्या शेजारी अशी तीन घरं उठली तेव्हा ती म्हणाली होती, ‘‘यांना नमस्कार कुठे करायचा? गाडीच्या मागच्या दिव्याला?’’ तिची खुर्ची २०२१पासून रिकामी आहे. पंखा माझ्याकडे आहे.

गेल्या दिवाळीत लालबागला गेले होते. आमच्या चाळीच्या जागी आता टॉवर आहे. आई चौदाव्या मजल्यावर. खिडकीला जाळी, जिन्यात कॅमेरा, शेजारी कोण ते पाटीवरून कळतं. दुपारी तिला मोबाइलवर होलमन स्ट्रीटचे फोटो दाखवत होते. चित्रं तिने भराभर सरकवली. मग घरांच्या रांगेचा एक फोटो आला तिथे थांबली. चष्मा वर केला, बोट लावून दारं मोजायला लागली, ओट्या मोजल्या, मागचं सामाईक अंगण बघितलं.

‘‘ही तर आपलीच चाळ गो,’’ ती म्हणाली. ‘‘जमनीर निजवलेली.’’

आणि थोडा वेळ तसंच बघत राहून, ‘‘शेवटच्या घराक पाणी कितक्या वाजता येता?’’